बॉनेटखालचे 8 मिलिमीटर कुठे गेले?

चाळीसगावच्या एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे ॲम्बॅसॅडर मार्क 3 आहे. आधीच्या मालकाने तिचा मूळचा आडवा कार्ब्युरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) काढून त्या जागी वरून हवा घेणारा कार्ब्युरेटर आणि त्यावर गोल एअर क्लीनर बसवला होता. एप्रिल-मेच्या उन्हात पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडू लागली, म्हणून त्यांनी कार्ब्युरेटरखाली 20 मिलिमीटर जाडीचा बेकेलाइटचा ठोकळा घातला. त्याआधी एअर क्लीनर आणि बॉनेट यांच्यातली फट त्यांनी मोजली होती आणि ती 28 मिलिमीटर होती. म्हणजे 8 मिलिमीटर उरायला हवे होते. त्याच कामात इंजिनाच्या फाउंडेशनचे, म्हणजे इंजिन ज्या आधारांवर बसते त्यांचे, जुने रबरही बदलून घेतले. बॉनेट बंद होते, पण शेवटी हाताने किंचित दाबावे लागते, आणि पंधरा दिवसांत बॉनेटच्या वरच्या रंगावर मसुराएवढी पुटकुळी उठली. त्यांना विचारायचे आहे की एअर क्लीनरचा स्टड (झाकण धरणारा उभा आट्यांचा दांडा) कापावा, की बिजागरीखाली वॉशर घालून बॉनेट उचलावे.

या दोहोंपैकी काहीही करण्याआधी ते 8 मिलिमीटर कुठे गेले हे पाहावे लागेल. आपण मोजमाप चुकीचे केले असे मी म्हणत नाही. ते ज्या इंजिनावर केले, ते इंजिन आता त्या जागी राहिलेले नाही.

फाउंडेशनचे रबर वर्षानुवर्षे इंजिनाचे वजन झेलून दबते, तेल लागून फुगते, मऊ पडते आणि एका बाजूला कलते. पंधरा-वीस वर्षांचे रबर काढून नवे बसवले की इंजिन माझ्या अनुभवात 5 ते 8 मिलिमीटर वर येते. आपण आधी मोजले आणि मग रबर बदलले, त्यामुळे आपल्या हिशेबातले 8 मिलिमीटर गाडी सुरू होण्याआधीच एक-दोनवर आले असणार. पुढचा भाग इंजिन सुरू झाल्यावरचा आहे. धुळ्याला ज्यांच्या हाताखाली मी काम शिकलो, ते म्हातारे फिटर नव्या पोराने पट्टी लावून माप घेतले की म्हणत, "इंजन बठेल नही शे भो, ते हालस." एका जागी बसलेले दिसते ते इंजिन प्रत्यक्षात हलत असते, एवढाच त्याचा अर्थ, पण बॉनेटच्या फटीचा सगळा विषय त्या एका वाक्यात येतो.

ते किती आणि कोणत्या बाजूला हलते हे नीट समजून घेण्यासारखे आहे. ॲम्बॅसॅडरच्या 1489 सीसी बी-सिरीज इंजिनाचा क्रँक, म्हणजे फिरणारा मुख्य दांडा, समोरून पाहिले असता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. चाकांकडे जोर जाऊ लागला की त्याची प्रतिक्रिया म्हणून इंजिनाचा ठोकळा उलट दिशेने कलू पाहतो, आणि रबर मऊ असल्याने थोडा कलतोही. मागची चाके ओढणाऱ्या अशा गाडीत पुढे जाताना इंजिनाची डावी बाजू, म्हणजे चालकाशेजारच्या क्लीनरच्या बसण्यावरून आपण जिला क्लीनर साइड म्हणतो ती, वर उचलली जाते आणि उजवी खाली जाते. रिव्हर्समध्ये हेच उलटे होते. आपल्या गाडीत कार्ब्युरेटर डाव्या बाजूला आहे, म्हणजे पहिल्या गिअरमध्ये जोर लावला की नेमका तोच वर येतो. इंजिन ज्या अक्षाभोवती कलते त्यापासून एअर क्लीनरची बाहेरची कड आडव्या अंतराने 200 मिलिमीटरवर आहे असे धरले, तर केवळ अडीच अंश कलण्याने ती कड सुमारे 9 मिलिमीटर वर जाते. आपल्याकडे उरले होते एक-दोन. पुटकुळी कुठून आली याचे उत्तर इथेच मिळते.

बॉनेटही स्थिर नसते. बॉनेट वरून सोडून बंद करताना ते खटक्यात अडकण्यापूर्वी आपल्या कायमच्या उंचीपेक्षा खाली जाते, रबरी गुटके दाबते आणि मग परत वर येऊन थांबते. हा खालचा फेरा 10 मिलिमीटरच्या आसपास सहज असतो, आणि जोराने आदळायची सवय असलेल्या हाताखाली त्याहून अधिक. म्हणजे बंद बॉनेटखाली पट्टी सरकवून किंवा लोखंडी जाळीतून टॉर्चने डोकावून घेतलेले माप हे सर्वांत सुखद परिस्थितीतले माप असते. शिवाय आपल्या बॉनेटला आतून फेल्टचा नमदा चिकटवलेला असल्यास तो ठोकर झाकून ठेवतो. मोजण्यापूर्वी तेवढा भाग सोडवून पाहावा.

आता मोजण्याची रीत. यासाठी महाग साधन लागत नाही, मात्र क्रम चुकवू नये. फाउंडेशन, कार्ब्युरेटर, त्याखालची पॅकिंगे, एअर क्लीनर आणि बॉनेटचे रबरी गुटके हे सगळे जसे कायम राहणार आहेत तसे बसवून, बोल्ट पूर्ण आवळून, इंजिन थंड असतानाच मोजावे. त्या आधी ज्या कडांवर बॉनेट टेकते त्या दोन्ही मडगार्डांच्या कडांवर एक सरळ लाकडी पट्टी आडवी ठेवावी आणि तिच्यापासून टॅपेट कव्हरवरच्या (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणावरच्या) एका ठरावीक खुणेपर्यंत ओळंब्याने अंतर घेऊन ते लिहून ठेवावे. ही नोंद पुढे उपयोगी पडते: वर्षभराने त्याच खुणेवर माप घेतले की रबर किती बसले ते कळते.

त्यानंतर कणीक. बाहेरच्या देशांत या कामाला कारागिरांची चिकणमाती वापरतात, आणि स्टेशनरीच्या दुकानात मुलांच्या खेळण्याची जी रंगीत तेलकट माती मिळते तीही चालते. पण जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर जातो, आणि त्या उन्हात ही तेलकट माती इतकी मऊ पडते की आपल्याच वजनाने बसते. माप खोटे येते. म्हणून मी घट्ट मळलेली गव्हाची कणीक वापरतो. पुरीच्या कणकेपेक्षाही घट्ट हवी आणि मळताना चमचाभर तेल घालावे. ज्वारीचे पीठ नको, ते तुटते. घरातून कणीक मागताना कारण सांगावे की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. काम सकाळी सातच्या आत करावे, कारण कणकेला उन्हात अर्ध्या तासात पापुद्रा धरतो.

कणकेचे चार बोटे उंच, निमुळते सुळके करावेत. एक एअर क्लीनरच्या मधल्या नटवर, चार त्याच्या कडेवर चारी दिशांना, एक टॅपेट कव्हरवरच्या तेलाच्या झाकणावर आणि एक रेडिएटरच्या झाकणावर ठेवावा. बॅटरीची दोन्ही टर्मिनले सोडवून बाजूला केल्यावर बॅटरीच्या खुंट्यांवरही एकेक ठेवावा. सुळक्याच्या टोकावर आणि बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर थोडी टाल्कम पावडर किंवा पातळ पिशवीचा तुकडा ठेवावा, नाहीतर कणीक वर चिकटून ओढली जाते. मग बॉनेट रोज जसे बंद करता तसेच बंद करावे, म्हणजे वीतभर उंचीवरून सोडून खटका लागेपर्यंत. मोजमापाच्या दिवशी प्रत्येक जण बॉनेट बाळाला झोपवल्यासारखे अलगद टेकवतो, आणि तिथेच फसतो. उघडल्यावर दबलेला सुळका ओल्या ब्लेडने उभा चिरून त्याच्या सर्वांत पातळ जागी व्हर्निअरने जाडी घ्यावी. व्हर्निअर नसेल तर खराट्याची काडी टोचून नखाने खूण करून पट्टीवर मोजली तरी मिलिमीटरभराच्या फरकाने बरोबर येते. जुने कारागीर सुतात बोलतात. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, साधारण 3 मिलिमीटर. आपल्याला आठ सूत हवे आहेत, हे पुढे येईलच.

सुळका फक्त किती दबला एवढेच पाहू नका, तो कोणत्या बाजूला कलला तेही पाहा. ॲम्बॅसॅडरचे बॉनेट मागे बिजागरीवर फिरते, त्यामुळे मागचा भाग आधी बसतो आणि पुढचा कंसाकार मार्गाने शेवटी. बंद अवस्थेत मोकळी दिसणारी एखादी नळी किंवा ॲक्सिलरेटरचा सांधा या मार्गात आडवा येऊ शकतो. स्टँडर्ड हेरल्डसारख्या गाडीत तर पुढचा सगळा भाग पुढच्या टोकावर फिरून उचलला जातो, तिथे हा कंस पूर्णपणे उलटा असतो. जीपचे बॉनेट सपाट असल्याने तिथे प्रश्न बराच सोपा आहे.

बॉनेटच्या आत आडव्या-उभ्या पट्ट्या असतात, त्या वरच्या पत्र्यापेक्षा खाली आलेल्या असतात. एअर क्लीनरचा मध्य पत्र्याखाली आणि कड पट्टीखाली असे बहुतेक वेळा होते. मध्यावर 30 मिलिमीटर आणि कडेवर 11, असे माप मी एकाच एअर क्लीनरवर पाहिले आहे. म्हणूनच कडेवर चार सुळके सांगितले. ठोकर नक्की कुठे बसते याची शंका उरली तर नटावर तेलात कालवलेले कुंकू बोटाने लावावे आणि बॉनेट दोनदा बंद करावे. वर उमटलेला ठिपका काही लपवत नाही.

कणकेने बॉनेटच्या खालच्या फेऱ्याचा हिशेब होतो, इंजिनाच्या हलण्याचा होत नाही. त्यासाठी बॉनेट उघडे ठेवून, चाकांना पुढून-मागून दगड लावून, हँडब्रेक ओढून एका जाणत्या माणसाने स्टिअरिंगवर बसावे आणि पायाचा ब्रेक पूर्ण दाबून पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूच अर्धा सोडावा, दोन सेकंदांत परत दाबावा. दुसऱ्याने बाजूला, मडगार्डाशी उभे राहून लाकडी पट्टीच्या तुलनेत एअर क्लीनरची कड किती उचलली जाते ते पाहावे. गाडीच्या समोर किंवा मागे कोणीही उभे राहायचे नाही, आणि पदराचे टोक, गमछा, बाह्या पंख्यापासून दूर. हेच एकदा रिव्हर्समध्येही करावे, कारण त्या वेळी उजवी बाजू वर येते. क्लच जळू नये म्हणून हा प्रकार तीनदापेक्षा अधिक करू नये.

खरी परीक्षा रस्त्यावरच होते. एअर क्लीनरच्या झाकणावर, फटीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर कमी उंचीचे थर्माकोलचे तुकडे चिकटपट्टीने घट्ट बसवावेत. निसटून पट्ट्यात किंवा सायलेन्सरवर पडणार नाहीत याची खात्री करावी. थर्माकोल एकदा चेपला की परत फुगत नाही, हाच त्याचा गुण. मग कन्नडचा घाट चढून यावे. चाळीसगावहून आपल्याला तो जवळच आहे; धुळ्याकडचे लोक यासाठी लळिंगचा घाट वापरतात. पहिल्या-दुसऱ्या गिअरची चढण, एखाद-दोन ठिकाणी थांबून पुन्हा उचल आणि परतीला खड्ड्यांचा एक तुकडा, एवढे झाले की तुकडे काढून किती चेपले ते मोजावे.

किती फट पुरेशी, यावर दहा कारागीर दहा आकडे सांगतील. माझा नियम असा आहे: इंजिनासोबत हलणाऱ्या प्रत्येक वस्तूच्या वर, बंद बॉनेटखाली, 25 मिलिमीटर, अगदीच अडले तर 20, पण मग फाउंडेशन नवे हवे आणि घाटाची परीक्षा झालेली हवी. रेडिएटरसारख्या बॉडीला बांधलेल्या वस्तूला 12 पुरतात. डिझेल इंजिन बसवलेल्या गाडीत मी 30 खाली जात नाही, कारण ते सुरू आणि बंद होताना जो हिसका देते तो पेट्रोल इंजिन देत नाही.

बॅटरीबद्दल वेगळे सांगतो, कारण तिथे ठोकरीचा परिणाम रंगावर थांबत नाही. मी स्वतः काम सुरू केले त्या काळात एका ॲम्बॅसॅडरला जुन्या बॅटरीपेक्षा इंचभर उंच बॅटरी बसवली, पट्टी नीट आवळली, आणि बॉनेट बंद केले. एक निळी ठिणगी, जळक्या रंगाचा वास, आणि उघडून पाहतो तर आतल्या पट्टीला ज्वारीच्या दाण्याएवढे भोक. जिवंत टर्मिनल बॉनेटला टेकले होते. गाडी उभी होती आणि पाना हातात होता म्हणून टर्मिनल लगेच सोडवता आले. त्या दिवसापासून बॅटरीच्या वर किमान 20 मिलिमीटर, टर्मिनलवर रबरी टोपी आणि बॅटरी हलणार नाही असा क्लॅम्प, या तीन गोष्टी मी कोणालाही सोडू देत नाही. त्याच जातीची दुसरी गोष्ट म्हणजे ॲक्सिलरेटरचा दांडा किंवा केबल. ती बॉनेटच्या पट्टीला अडकली तर गाडी पूर्ण रेसवर अडकून राहते. कणकेचा एक सुळका ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेल्या स्थितीत त्या सांध्यावरही ठेवून पाहावा.

आता आपल्या प्रश्नातले दोन उपाय. स्टड कापण्याला माझी हरकत नाही, पण नटाच्या वर जेवढा भाग बाहेर आला आहे तेवढाच. त्याहून सोपे असे की वरचा फुलपाखरी नट काढून त्या जागी बुटका नट आणि रुंद वॉशर बसवावा. नटाचे पंख मोजून पाहा, एवढ्यानेच 8 ते 10 मिलिमीटर मिळतात आणि मधली ठोकर बहुधा त्या पंखांचीच असते.

बिजागरीखाली वॉशर मात्र नकोत. बॉनेटची मागची कड उचलली की गरम हवा निघून जाईल ही समजूत आपल्याकडे फार रुजलेली आहे, आणि उभ्या गाडीत ती काही अंशी खरीही आहे. पण वेगात काचेच्या पायथ्याशी हवेचा दाब वाढलेला असतो, त्यामुळे त्या फटीतून हवा बाहेर येण्याऐवजी आत शिरते. वर पावसाळ्यात पाणी सरळ डिस्ट्रिब्युटरवर (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागावर) येते, आणि बॉनेटची रेषा मडगार्डाशी जुळत नाही ती वेगळीच. पुढे खटक्याचा बोल्ट लांब करून बॉनेट उचलणे तर त्याहून वाईट. खटका अर्धवट धरतो आणि समोरून ट्रक गेला की बॉनेट काचेवर येते.

फाउंडेशनखालच्या पट्ट्या काढून इंजिन खाली बसवण्याचा सल्लाही आपल्याला कोणी ना कोणी देईल. तसे केले की प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या लांब दांड्याचा) कोन बदलतो, पंख्याची रेडिएटरच्या मध्याशी असलेली जुळणी बिघडते आणि सायलेन्सरच्या पाइपवर ताण येतो. एक फट वाचवण्यासाठी तीन नव्या अडचणी होतात. बॉनेटची आतली पट्टी कापणेही मला मान्य नाही, कारण त्या पट्टीमुळेच एवढा मोठा पत्रा वाऱ्यात थरथरत नाही.

माझ्या मते दोष मुळात त्या 20 मिलिमीटरच्या ठोकळ्यात आहे. बेकेलाइटचा ठोकळा खालून धातूतून येणारी उष्णता अडवतो हे खरे, पण आपल्या या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे जळका वायू बाहेर नेणारा तापलेला नळ, कार्ब्युरेटरच्या बाजूलाच आहे आणि तिथून अंगावर येणारी आच तो अडवत नाही. 8 ते 10 मिलिमीटरचा ठोकळा ठेवून, कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट यांच्या मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याची आडवी ढाल दोन्ही बाजूंना हवा राहील अशी बसवली, तर गुण अधिक येतो. शिवाय वाफ बहुतेक वेळा कार्ब्युरेटरच्या आधीच, पेट्रोल पंपात आणि त्याच्या नळीत होते. रस्त्याकडेला गाडी थांबवून पंपावर ओले फडके टाकणारे चालक आपण लहानपणी सगळ्यांनी पाहिले आहेत. त्यांना दुखणे कुठे आहे ते बरोबर कळले होते. नळी एक्झॉस्टपासून चार बोटे दूर नेऊन तिच्यावर उष्णतारोधक पट्टी गुंडाळा आणि पंप व एक्झॉस्ट यांच्या मध्येही एक छोटी ढाल द्या. ठोकळ्यातून 10 मिलिमीटर, नटातून मध्यावर 8, एवढे आपल्या हातात आले.

तरीही कड पट्टीला लागत असेल तर एअर क्लीनर बदलून बुटका घ्यावा, पण त्यालाही मर्यादा आहे. झाकण कार्ब्युरेटरच्या तोंडावर फार खाली आणले की हवा गुदमरते. तोंडाच्या व्यासाचा चौथा भाग एवढी उंची ठेवली तर चहूबाजूंनी येणाऱ्या हवेची वाट तोंडाच्या क्षेत्रफळाएवढी होते. हे कागदावरचे किमान. प्रत्यक्षात हवा वळण घेऊन आत शिरते, म्हणून मी व्यासाच्या निम्म्याखाली जात नाही. तोंड 60 मिलिमीटरचे असेल तर तोंडाच्या कडेपासून झाकणाच्या आतल्या बाजूपर्यंत 30 मिलिमीटर मोकळे हवेत. त्याहून कमी जागा असेल तर वाकडा रबरी पाइप लावून फिल्टर रेडिएटरच्या बाजूला नेणे हाच मार्ग उरतो. त्यात एक्झॉस्टची गरम हवा ओढली जात नाही, हा आपल्या उन्हात वेगळा फायदा.

हे सगळे झाले की कणकेची रीत पुन्हा एकदा, पूर्ण, पहिल्यापासून करावी. बदललेल्या जागीच नव्हे. नवे फाउंडेशन पहिल्या महिन्यात एखाद-दोन मिलिमीटर बसते, त्यामुळे तेव्हा आणखी एकदा लाकडी पट्टी ठेवून खुणेचे माप घ्यावे.

पुटकुळीला डेंटरकडे नेण्याची घाई करू नका. वरून ठोकली तर रंग ताऱ्यासारखा फुटतो. ती खालून लाकडी ठोकळ्याचा आधार देऊन बसवायची असते, आणि तेही ठोकर थांबल्याची खात्री झाल्यावर. तोवर तिच्या नेमक्या खाली, बॉनेटच्या आतल्या बाजूला खडूने रुपयाएवढा ठिपका काढून ठेवा. घाटाच्या दोन-तीन फेऱ्यांनंतर तो ठिपका जसाच्या तसा, न पुसता राहिला तर गाडी डेंटरकडे न्या.